मोरीपलीकडचं हॉलंड

"कट! कट! अरे, थांबले का हे सगळे? गेट उघडं आहे! मोहिते! कुठे मेला हा मोहिते?"

हा आवाज आमच्या डायरेक्टरचा, रॉनी सरांचा. हातात भोंगा होता, पण त्याची काही गरज नव्हती. रॉनी सरांनी उत्तनला हाक मारली तर वसईच्या किनाऱ्यावरची माणसं 'ओ' देत.

मोहिते म्हणजे मी. मेलो नव्हतो. कॅमेऱ्यामागे माडाच्या सावलीत चहा पीत होतो. पिता पिता बघत होतो की बेल्जियमहून सुसाट निघालेले वीस सायकलपटू हॉलंडच्या सीमेपाशी आले, एकेक पाय जमिनीला टेकवला आणि निवांत उभे राहिले. एकाने हेल्मेट वर सरकवून बिडीही पेटवली.

मी जाहिरातींच्या फिल्ममध्ये प्रॉडक्शन मॅनेजर. म्हणजे काय, ते सांगतो. डायरेक्टर स्वप्न बघतो. कॅमेरामन ते टिपतो. आणि त्या स्वप्नात हत्ती असेल तर त्याच्यासाठी केळी कुठून आणायची, ते प्रॉडक्शन मॅनेजर बघतो. स्वप्न चांगलं झालं तर डायरेक्टरचं नाव होतं. हत्ती उपाशी राहिला तर माझं.

यावेळचं स्वप्न सायकल शर्यतीचं होतं. ग्लुकोज बिस्किटाची जाहिरात. युरोपात एका दिवसाच्या सायकल शर्यती होतात. वीस-वीस दिवस चालणाऱ्या मोठ्या शर्यती वेगळ्या. तिथे आज मागे पडलास तर उद्या भरून काढता येतं. एका दिवसाच्या शर्यतीत उद्या नसतो. सकाळी एका गावातून सुटायचं, संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावी पोचायचं, आणि जो आधी पोचेल तो राजा. आमची शर्यत बेल्जियममध्ये सुरू होऊन हॉलंडमध्ये संपत होती. सीमेपर्यंत आमचा हीरो मागे असतो. सीमेवर तो खिशातलं बिस्किट काढून खातो. मग असा सुटतो की पलीकडच्या देशात पहिला येतो.

खऱ्या शर्यतीत टीम देशांच्या नसतात, कंपन्यांच्या असतात. हे मला नंतर कळलं. पण क्लायंटला दोन देशच हवे होते. बरोबरच आहे, बिस्किट कंपनी दुसऱ्या कंपनीचं नाव छातीवर कशाला मिरवेल? म्हणून निळी जर्सी बेल्जियम, केशरी जर्सी हॉलंड. कोणी विचारलंच तर रॉनी सर म्हणायचे, "फीलिंग युरोपचं पाहिजे."

युरोपला जायचं बजेट नव्हतं. मी त्यांना चौक नावाचं गाव दाखवलं. भाईंदरहून उत्तनकडे गेलं की डोंगरीच्या पुढे हे मच्छीमारांचं गाव लागतं. एका बाजूला समुद्र, मध्ये टेकडी, टेकडीवरून गावात उतरणारा वळणाचा रस्ता, कडेला कौलारू घरं आणि पांढरे क्रूस. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील फ्रेमच्या बाहेर ठेवले, आणि वास पडद्यावर येत नाही हे लक्षात घेतलं, तर चौक हे बेल्जियमपेक्षा जास्त बेल्जियम दिसतं. मी बेल्जियम पाहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे.

आता सायकलपटू. ज्युनियर आर्टिस्टच्या सप्लायरने सांगितलं, "वीस पोरं देतो, एकदम फिट." दिली. फिट होती. पण रेसिंग सायकलवर बसवल्यावर विसातली अठरा मीरा रोडच्या नया नगरच्या मैदानात आडवी झाली. उरलेली दोन सायकलवरच राहिली, कारण त्यांना उतरता येत नव्हतं.

मला रात्रभर झोप नाही. याच्या आधीच्या दोन शूटमध्ये माझे दोन दिवस वाया गेले होते. एकदा उंट आजारी पडला, एकदा हिरॉईन. प्रोड्यूसरने मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "मोहिते, तिसरा दिवस सरकला तर तुझी बॅग इथेच ठेव आणि तू जा." बॅग कंपनीची होती. त्यामुळे धमकी समजायला मला थोडा वेळ लागला, पण समजली.

पहाटे मी गॅलरीत उभा होतो. खालून पाववाला गेला. कॅरिअरवर पाठीएवढा उंच पावांचा गठ्ठा, हँडलला दोन पिशव्या, एका हाताने भोंगा वाजवतोय, दुसऱ्या हाताने नाक पुसतोय, आणि सायकल खड्ड्यांमधून अशी चाललीय जणू रुळावर आहे. मी गॅलरीतूनच ओरडलो, "ओ भाई! रुको!"

तोच जुम्मनभाई. नया नगरच्या बेकरीतल्या पाववाल्यांचा मुकादम म्हणा, म्होरक्या म्हणा. पन्नाशीचा, काटकुळा, पोटऱ्या मात्र नारळासारख्या. मी म्हटलं, "जुम्मनभाई, तुम्ही प्रोफेशनल सायकलपटू आहात."

तो म्हणाला, "पाव पाहिजे का साब?"

पण खोटं काय होतं त्यात? सायकलवर पोट चालतं तो प्रोफेशनल. ही माणसं पहाटे तीनला भट्टीवर माल उचलायची, मीरा रोडहून थेट डोंगरीपर्यंत समुद्राचा वारा छातीवर घेत जायची आणि आठच्या आत रिकामी होऊन परत यायची. त्यांना रेसिंग सायकल दिली, तर "साब, ये तो हवा है" म्हणून एका हाताने चालवायला लागले. शर्यतीत घोळका करून का जातात, हे सांगायला रॉनी सरांचा असिस्टंट कागद घेऊन उभा राहिला. पुढचा वारा खातो, मागच्यांना सोपं जातं, वगैरे. जुम्मनभाई म्हणाला, "हां हां, मोर्वे गाँव के आगे हम भी बारी बारी से हवा खाते है." रिहर्सल मीरा रोडलाच झाली. झकास झाली. मी त्या दिवशी देवाला नारळ फोडला. दोन फोडले.

आणि शूटच्या सकाळी मीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सीमेचं गेट आम्ही टेकडीच्या माथ्यावर उभं करणार होतो. लाल-पांढरा बांबू, लाकडी चौकी, दोन झेंडे. रॉनी सर म्हणाले, गेटच्या मागे समुद्र हवा. मी म्हटलं, चला, थोडं खाली घेऊ. खाली रस्त्यात एक मोरी आहे, पावसाचं पाणी जायला बांधलेला छोटा पूल. तिथून समुद्र असा दिसतो की माणूस उगाच सुस्कारा टाकतो. गेट मोरीवर लावलं. सगळे खूश.

आणि आता वीसच्या वीस सायकली त्या मोरीच्या अलीकडे उभ्या.

मी धावत गेलो. "जुम्मनभाई, काय झालं? पंक्चर?"

"नही साब."

"मग? चलो ना आगे."

"आगे नही जा सकते."

"का?"

जुम्मनभाईने मोरीकडे बोट केलं. जशी काय तिथे वाघीण बसलीय. "यहाँ से इनास की लाईन है."

आता हे समजून घ्या. पाववाल्यांच्या धंद्यात प्रत्येकाची लाईन असते. लाईन म्हणजे ठरलेली घरं, ठरलेला रस्ता. ती कुठे लिहिलेली नसते, पण सात-बाराच्या उताऱ्यापेक्षा पक्की असते. दुसऱ्याच्या लाईनमध्ये माल घेऊन शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकण उघडून बघणं. चौकची लाईन इनास नावाच्या तिथल्याच माणसाची. पूर्वी एकदा नया नगरचा कोणी तरी मोरी ओलांडून चौकमध्ये चार घरी पाव देऊन आला होता. त्यावरून अशी मारामारी झाली की, जुम्मनभाईच्या म्हणण्याप्रमाणे, महिनाभर समुद्राचं पाणी लाल होतं. हे जरा जास्त आहे, मीही मान्य करतो. आठवडाभर असेल. शेवटी दोन्ही बाजूंचे बेकरीवाले बसले, आणि भट्टीवर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली. मोरीच्या पुढे नया नगरचं चाक जाणार नाही.

"पण तुमच्या सायकलवर पाव नाहीत!" मी म्हटलं.

"पाव नही है. पर हम तो पाववाले है ना. इनास देखेगा तो क्या बोलेगा? आज खाली आया, कल भर के आएगा."

फिल्मवालेसुद्धा हेच करतात. शूटच्या आधी रिकाम्या हाताने जागा बघून येतात. त्याला रेकी म्हणतात.

रॉनी सर पोचले. "प्रॉब्लेम काय आहे?"

"सर, हे लोक हॉलंडमध्ये जाऊ शकत नाहीत."

"व्हिसा नाही?" ते खेकसले. त्यांना वाटलं आपण टोमणा मारला. जुम्मनभाईने शांतपणे मान डोलावली, "वैसा ही समझो."

त्या काळात शूट फिल्मवर व्हायचं. फिल्मचा रोल ज्या डब्यात भरतात त्याला मॅगझिन म्हणतात. बजेटमध्ये आमच्याकडे तीन मॅगझिन होती, एक संपलं होतं. रस्ता बंद ठेवायची परवानगी दुपारच्या बसपर्यंत. बस आली की बेल्जियम आणि हॉलंड दोन्ही गुंडाळायचे. आणि इथे दुसऱ्या दिवसाचा प्रश्न नव्हता, कारण दुसरा दिवस माझ्या बॅगेत होता.

मी प्रॉडक्शनची मोटारसायकल काढली आणि खाली चौकमध्ये इनासला शोधायला गेलो.

इनास काका घराच्या ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. सकाळचे पाव वाटून झाले की ते जाळी दुरुस्त करत. साठीच्या पुढचे, पण मनगट असं की हातात वल्हं दिलं तर होडी न घेताच गुजरातला जातील. ओट्याखाली त्यांची काळी उंच सायकल उभी होती. आत त्यांच्या बायकोची, रोझी काकीची, भांड्यांशी खडाजंगी चालू होती.

"काका, एक विनंती आहे. तुमच्या लाईनमधून वीस पाववाले जाऊ द्याल का?"

सुई थांबली. "नया नगरचे?"

"हो. पण पाव नाहीत. शर्यत आहे. जाहिरातीची. बेल्जियम ते हॉलंड."

"चौकमधी?"

"हो."

"त्ये हॉलंड मोरीच्या ह्या अंगाला हाय का त्या?"

"ह्या."

"मंग हॉलंडमधी पाव मी देतो," इनास काका म्हणाले, आणि पुन्हा जाळं शिवायला लागले.

आतून काकी ओरडल्या, "जाऊ दे ना त्याना! शुटिंग हाय, टीव्हीवर येल!"

"शुटिंग जाईल टीव्हीवर. सायकली राहातील हितं," काका म्हणाले.

मी ओट्यावर बसलो. प्रॉडक्शनमध्ये एक नियम आहे: नाही म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायचं. उभ्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. मी विचारलं, "काका, तुम्ही आजारी पडलात तर काय करता?"

"आजारी पडत न्हाय."

"लग्नाला गेलात तर?"

"तवा बदली."

बदली म्हणजे काय, ते काकींनीच बाहेर येऊन सांगितलं, कारण काकांचं बोलणं रेशनवर होतं. पाववाला गावाला गेला की लाईन दुसऱ्याच्या हातात देतो. त्याला लाईनीच्या पहिल्या घरी नेतो, त्याच्या हाताने तिथे पाव देववतो. त्या घरच्या बाईने पाव घेतला की तो बदली झाला. त्या दिवसापुरती लाईन त्याची. त्याच्या सोबत, त्याच्या मागून कोणी आला तरी चालतं, तो पाहुणा. फक्त एक अट.

"बदलीच्या म्होरं जायचा न्हाय कोनी," काका म्हणाले.

माझ्या डोक्यात सगळ्या ट्यूबलाइट एकदम लागल्या. आमच्या कथेत सीमेपलीकडे पुढे कोण असतो? हीरो. मागे कोण? बाकीचे सगळे. असा बसणारा कायदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. हीरोलाच बदली करायचं!

हीरोचं नाव कबीर. मॉडेल. चेहरा असा की पुसलेली काच लाजावी. मी त्याला व्हॅनमधून काढला आणि म्हटलं, "चल, पाव."

"मी पाव खात नाही. कार्ब्ज असतात."

"खायचा नाही. द्यायचा आहे."

पहिलं घर एका म्हातारीचं. काकींनी त्यांच्याच डब्यातले उरलेले पाव दिले होते. कबीरने निळी जर्सी, हेल्मेट, काळा गॉगल अशा थाटात दोन्ही हातांनी पाव पुढे केले, जसं काही सोन्याचं नाणं देतोय. म्हातारीने पाव दाबून पाहिला.

"सकालचा हाय."

"सॉरी, आंटी."

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग मागे उभ्या असलेल्या इनास काकांकडे पाहिलं. "तुझ्यापक्षी बरा दिसतंय," म्हणाली, आणि पाव घेतले.

झालं. कबीर कायदेशीररीत्या चौकचा पाववाला झाला. मी मोरीवर जाऊन जुम्मनभाईला सांगितलं. त्याने दोन प्रश्न विचारले. कुठल्या घरी दिला? म्हातारीने घेतला का? मग मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "चलो, इजाजत है. भैया के पीछे."

दुसरं मॅगझिन लागलं. "अ‍ॅक्शन!"

आणि ते सुटले. कबीर पुढे, वीस पाववाले मागे. मोरी ओलांडली, गेट ओलांडलं, हॉलंडमध्ये शिरले. मला रडू यायचं बाकी होतं. पुढचा उतार वळणावळणाने थेट गावात जात होता, तिथे फिनिशचं बॅनर होतं. बॅनरखाली टाळ्या वाजवायला कुलाब्याहून आणलेले दोन फॉरेनर उभे केले होते, त्यांच्या मागे सगळं चौक.

"कट!"

आता काय?

क्लायंटच्या बाई मॉनिटरसमोर बसल्या होत्या. त्यांनी मान तिरकी केली. "ही शर्यत वाटत नाही. वरात वाटते."

खरंच होतं. कबीर नवरदेवासारखा मध्यभागी एकटा, आणि मागे बऱ्याच अंतरावर वीस वऱ्हाडी, सगळे एका वेगाने, अदबीने. कबीर दमून हळू झाला की तेही हळू. एका वळणावर त्याचा तोल गेला, तेव्हा सगळे थांबून त्याच्यासाठी खोळंबले होते.

रॉनी सर भोंग्यातून ओरडले, "फाईट द्या! त्याला ओलांडा! त्याच्या मानेवर श्वास सोडा!"

जुम्मनभाई माझ्याकडे आला. "मोहिते साब, आगे कैसे जाएँ? अभी लाईन उसकी है."

"फक्त खोटं खोटं, शेजारून."

"भट्टी की कसम है, साब. खोटी खोटी कसम नही खाई थी."

आता एकच मॅगझिन उरलं होतं. खाली गावाच्या टोकाला बस येऊन उभी राहिलेली मला वरून दिसत होती. ड्रायव्हर उतरून चहा पीत होता. चहा संपला की संपलं. क्लायंटच्या बाई फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या आणि त्यात माझं नाव येत होतं. प्रोड्यूसरच्या केबिनचा एसी मला चौकमध्ये जाणवायला लागला.

बदलीच्या पुढे कोणीच जाऊ शकत नाही. पण थांबा. लाईनचा मूळ मालक?

मी पुन्हा ओट्यावर. "काका, बदली दिल्यावर तुम्ही स्वतः त्याच्या पुढे जाऊ शकता?"

"माझी लाईन हाय. मी कुठंबी जाईन."

"सायकल चालवाल? आमची? ही केशरी जर्सी घालून?"

काकी आधीच हसून पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी समजावलं. वळणापासून कबीरच्या शेजारी यायचं. खांद्याला खांदा लावून उतरायचं. लोकांना वाटलं पाहिजे, आता हा जिंकतो की तो. आणि बॅनरच्या थोडं अलीकडे मागे पडायचं. तेवढंच.

"हरायचां?"

"हरायचं."

"बरां," काका म्हणाले.

केशरी जर्सी, काळी चड्डी, हेल्मेट, गॉगल. वीस वर्षांनी तरुण झाले. काकी म्हणाल्या, "पोपट दिसताव." काकांनी सायकल हातात घेतली, उचलून पाहिली, परत ठेवली.

शेवटचं मॅगझिन. मी डोळे मिटले. मग उघडले, कारण न बघण्यात काही अर्थ नव्हता.

सीमा ओलांडेपर्यंत सगळं ठरल्यासारखं. कबीर पुढे, घोळका मागे. आणि घोळक्यातून एक केशरी ठिपका सुटला. पहिल्या वळणाला तो कबीरच्या शेजारी आला. कबीरने वळून पाहिलं आणि त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा खरोखर पॅडल मारलं. दुसऱ्या वळणावर दोघं असे झुकले की कॅमेरामन देवाचं नाव घ्यायला लागला, तो नास्तिक होता. मागे वीस पाववाले शिट्ट्या मारत होते. पुढे अख्खं चौक रस्त्याच्या कडेला. म्हातारीपासून सगळ्या बाया. आणि त्यांनी जर्सीतला माणूस पोटऱ्यांवरून ओळखला.

"इनास! मार इनास! इनास हाय तो!"

उतार संपत आला. बॅनर समोर. काकांनी मागे पडायची वेळ आली. आली आणि गेली. काका मागे पडले नाहीत. एका चाकाने, एकाच चाकाने कबीरच्या पुढे निघून बॅनरखालून गेले. फॉरेनरांनी तर कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून खऱ्या टाळ्या वाजवल्या.

आणि काका तिथेही थांबले नाहीत. तसेच सुसाट, तोंडाने मोठमोठ्याने काहीतरी ओरडत, आपल्या लाईनीच्या एकेका घरासमोरून गेले. लोक आदराने बाजूला होत होते. कोंबड्यासुद्धा. पार खाली किनाऱ्यापर्यंत गेले आणि वाळूत जाऊन उभे राहिले. असा विजयाचा फेरा मी पाहिला नाही.

"मोहिते!" रॉनी सरांचा आवाज यावेळी चक्क हळू होता. ते जास्त वाईट. "हीरो हरला."

बसने हॉर्न दिला.

मॅगझिनमध्ये शेवटचा थोडा तुकडा उरला होता, एका क्लोजअपपुरता. माणूस बुडायला लागला की त्याला दोर दिसतो. मला जर्सी दिसली.

"सर, दोघांनी हेल्मेट आणि गॉगल घातलाय. लांबून चेहरा कुठे दिसतो? जिंकला कोण? केशरी. मग आपला हीरो केशरी! कबीरला ती जर्सी घाला, बॅनरखाली हात वर करून हसू दे. बिस्किट खायचे क्लोजअप तर उद्या स्टुडिओतच आहेत, तेही केशरीत घेऊ."

रॉनी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग क्लायंटच्या बाईंकडे. बाई म्हणाल्या, "केशरी आमच्या पॅकेटचा रंग आहे. मी पहिल्यापासून हेच म्हणत होते." त्या म्हणाल्या नव्हत्या. पण मी कोण सांगणारा?

मी किनाऱ्यावर धावलो, वाळूत बसलेल्या काकांच्या अंगातून जर्सी काढून आणली. घामाने चिंब, बोंबलांच्या वासाची. कबीरने नाक दाबून ती घातली, श्वास रोखून हसला, आणि कॅमेरा बंद झाल्यावर सोडला. ते हसू इतकं खरं वाटतं, त्याचं कारण हेच. हवा मिळाल्याचा आनंद.

बस निघाली. गेट उतरवलं. पाववाले मोरीच्या अलीकडे परत गेले. कबीरकडून लाईन काढून घ्यायची औपचारिकताही झाली. काकांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, संपलं.

जाहिरात दिवाळीत लागली आणि वर्षभर चालली. तुम्हीही पाहिली असेल. तीत हरणारा निळा जर्सीवाला म्हणजे कबीर, जिंकणारा केशरी म्हणजे चौकचा इनास, आणि नंतर हसणारा पुन्हा कबीर. प्रोड्यूसरने मला बोलावून बॅग ठेवून घ्यायला सांगितली. मी ठेवून घेतली.

त्यानंतर किती तरी वर्षं मी शूटवर नव्या पोरांना हा किस्सा सांगत असे. शेवटी बोट वर करून म्हणायचो, "लक्षात ठेवा. माणसाला मानधन देऊन हरवता येतं. पण त्याच्या गिऱ्हाइकांसमोर नाही. पोटाचा प्रश्न असला तरी शेवटच्या वळणावर इज्जत पॅडल मारते." पोरं गंभीर होऊन माना डोलवायची. एकाने ते वहीत लिहून घेतलं.

एकदा उत्तनला दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा वाट वाकडी करून चौकमध्ये उतरलो. इनास काका ओट्यावरच होते. मी शेजारी बसलो. काकींनी चहा दिला. मी हळूच म्हटलं, "काका, आता तरी सांगा. हरायचं ठरलं होतं ना आपलं? गाव बघत होतं, बाया ओरडत होत्या. त्या क्षणी मनात काय आलं तुमच्या?"

काकांनी बशीतला चहा संपवला.

"त्या सायकलीचा बिरेक सापडला न्हाय मना," ते म्हणाले.